कारण : इतर

संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात लाल आकडे :
उरलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं.
साडेपाचपर्यंत मी गप्प राहिले
तर माझी संमती गृहीत.
लग्नाच्या बोलणीत आत्या म्हणायची,
पोरगी काही बोलली नाही म्हणजे हो.
तोच नियम आता शासन निर्णयात, क्रमांकासकट.

तिवरेबंदरची जेट्टी,
वर सड्यावर तेलाच्या अकरा टाक्या.
वर्ग : जलदगती.
जलद म्हणजे ढग,
आठवीत पाटणकर सरांनी फळ्यावर फोड करून दाखवली होती.
तो ढगसुद्धा आमच्या सड्याला चार महिने देतो.
यांनी एकवीस दिवस दिले,
त्यातले सात गणपतीत गेले.

अहवाल एकशे बारा पानांचा.
पान एकतीस : पठार खडकाळ, वनस्पती आढळली नाही.
फोटो मे महिन्यातला, भर दुपारचा,
दगडाची सावलीसुद्धा दगडाखाली शिरलेली.
त्याच दगडावर धोंडू झोरे म्हशी राखत बसतो.
परवा गेले तर त्याच्या चपला हातात.
'पायाखाली फुलं येतात ओ मॅडम, बघून.'
नखाएवढी निळी सीतेची आसवं, सगळ्या कातळभर,
आणि म्हशीच्या खुरात साचलेल्या पाण्यात
बेडकाची पिल्लं शेपट्या हलवत.
पान एकतीसवर हे कुठे चिकटवू?

पान सत्तर : खाडीचं पात्र पाण्याखाली, वापर नाही.
हे मात्र त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.
आले तेव्हा भरती होती.
गाडीची काच खाली करून पाण्याची चकाकी बघितली,
जेवण रत्नागिरीत ठरलेलं, म्हणून लगेच निघाले.
पाणी उतरायला पुढे चार तास लागले.
मग रुकय्या सोलकर, तिची नणंद, तारींची सून
पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलात.
कालवं, मुळे, तिसऱ्या.
मी बांधावर उभी, माझ्या हातात फाईल,
आणि एका बाईने विचारलं, त्यात काय धरतेस?

रुकय्याच्या अंगठ्यावर कालवांच्या धारेच्या इतक्या रेघा
की आधारच्या मशीनने तिला तीनदा नाकारलं.
मशीनला कारण द्यावं लागलं नाही.

मला द्यावं लागतं.
यादी उघडते : शुल्क अपुरं. नकाशा अस्पष्ट. सही नाही.
शुल्क भरलंय, वेळेआधी.
नकाशा इतका स्पष्ट
की खाडी एकसारखी निळी, वहीच्या पुठ्ठ्यासारखी,
कुठेही चिखल नाही.
सह्या सगळ्यांच्या झाल्यात, माझी सोडून.

साहेबांचा फोन दोनदा आला. रागावले नाहीत.
'अहो, तुमच्या भावाचं पण बघू की जेट्टीवर.'
बघतीलही.
बंड्या दोन वर्षं घरी आहे,
दुपारी झोपतो, रात्री जागतो,
आई त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढते
आणि माझ्याकडे बघत नाही.
हे कुठल्याच कारणात बसत नाही.

पाच वाजून सहा मिनिटं.
यादीच्या तळाशी 'इतर'. चौकट दोनशे अक्षरांची.
आधी म्हशी लिहिल्या, बेडूक लिहिले, अंगठा लिहिला.
चौकट भरली, वाक्य अर्ध्यात तुटलं.
सगळं पुसून लिहिलं :
पाहणी भरतीत झाली. सुकतीला पुन्हा या.

उरलेली अक्षरं एकशे चौसष्ट.
उरू देत.

नोंद झाली. फेरपाहणीची मुदत चौदा दिवस.
वरून कोणीतरी ती एका ओळीत रद्द करेल, माहीत आहे.
तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बोट फिरवलं.
चौदा दिवसांत एक उधाण, एक भांग.

चपला हातात घ्या,
एवढं मावलं असतं अजून.